तोंडाला दारूचा वास

८ जानेवारी

सकाळी तिघांचं बी.पी. पाहिलं. गावात सगळे डॉक्टर म्हणतात. डॉक्टर नाही मी, फौजेत बावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. मलमपट्टी, इंजेक्शन आणि रजिस्टर. सांगून सांगून थकलो.

अकराच्या सुमारास एक बाई आली, वडनेर भोलजीहून, एसट्या बदलत. वच्छला नाव. प्रल्हादची बायको. प्रल्हाद माझ्याच युनिटचा. बर्फातल्या त्या पोस्टवर आम्ही दोघंच बुलढाण्याकडचे. तो पडला त्याला एकोणीस वर्षं झाली. डावं पाऊल गेलं, घरी पाठवला. मग भेट नाही.

"त्याईनं सांगतलं, उंद्रीच्या डॉक्टरसाबले दाखव. त्यानंच मले वाचवलं म्हने."

पिशवीत कागद. अपंगत्वाचा अर्ज चारदा फेटाळलेला. दर वेळी एकच वाक्य, दुखापतीचा सेवेशी संबंध नाही. का नाही, ते कुणी कधी कळवलं नाही. आता जावयाने माहितीचा अधिकार लावून जुन्या कागदांची झेरॉक्स मिळवली. ती इंग्रजीत.

"काय लिहेल हाये तेवढं सांगा."

सांगितलं. दारू पिऊन, परवानगी न घेता, स्वतःच्या मर्जीने पोस्टबाहेर गेला आणि घसरून पडला.

बाई ताडकन उठली. "दारू? त्याईनं? लग्नाच्या आंधीपासून माळ हाये त्याईच्या गळ्यात!"

मी भडकलो. जो माणूस पाय देऊन आला त्याला दारुडा ठरवतात, आणि चार अर्ज येईपर्यंत सांगतही नाहीत. हरामखोर म्हणालो. मोठ्याने, अंगणात उभं राहून. बाईला जरा बरं वाटलेलं दिसलं.

ती गेल्यावर झेरॉक्स परत पाहिली. कागद दोन. वरचा टाइप केलेला, मेजरसाहेबाची सही. खालचा हाताने लिहिलेला, आणि वरचा त्याच्याच आधारावर.

खालचं अक्षर माझं आहे. तिला सांगितलं नाही.


९ जाने.

जेवण गेलं नाही. बायकोने, सुमनने विचारलं. अ‍ॅसिडिटी म्हणालो.

माझ्या ओळी दोन. "तोंडाला दारूचा वास. स्वतःहून बाहेर गेल्याचे समजते."

दुसरी साहेबाने सांगितली, मी उतरवली. समजते! कुणाला समजते? मला तर धडधडीत माहीत होतं.

पहिली खोटी नाही. वास होता.


११ जाने.

लिहूनच काढतो.

त्या वाटेवर दुपारी बारानंतर हालचाल बंद. ऊन लागलं की वरचा बर्फ सुटतो. लेखी हुकूम होता, पोस्टच्या दाराला चिकटवलेला. दुसऱ्या दिवशी वरचे पाहुणे येणार. नवा हीटर खालच्या पोस्टवर येऊन पडलेला, आणि साहेबाला तो पाहुण्यांच्या खोलीत पाहिजे. दोन वाजता प्रल्हादला पाठवलं. एकटा.

प्र. म्हणाला, "साहब, टाइम हो गया है।"

"दौड़ के जा, दौड़ के आ।"

मी दारात होतो. ऐकलं सगळं.

सहाला आणला. दोघांनी उचलून. पाय मोडून उताराखाली पडलेला, कमीत कमी दोन तास बर्फात. हीटर पाठीला बांधलेलाच. पट्टा मी कात्रीने कापला. हीटरला पोचा नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या खोलीत लावला तो. चांगला चालला म्हणे.

सकाळी हेलिकॉप्टर येणार, प्र.सोबत रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल जाणार. त्याआधी साहेब माझ्या खोलीत आला. "लिख, खुद निकला था।" बस, एवढंच. धमकी नाही, काही नाही. माझी हवालदारकी त्याच वर्षी व्हायची होती.

झाली.


१४ जाने., संक्रांत

वासाचं राहिलं.

पोस्टवर डॉक्टर नव्हता, मी एकटा. प्र.चे ओठ निळे. अंग थरथरायचं थांबलेलं, आणि ते थांबणं वाईट. ब्लँकेटं घातली, काखेत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. गारठलेल्या माणसाला दारू द्यायची नाही हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच घोकून घेतलेलं. तरी दिली. घाबरलो होतो. झाकणभर रम, मग अजून झाकणभर, मग मोजलं नाही. तो तोंड मिटून घ्यायचा. मी म्हणालो, "औषध हाये बे, पी." धड शुद्धीत नव्हता. प्यायला.

पाजायच्या आधी त्याच्या गळ्यातली माळ मीच काढली आणि त्याच्या खिशात घातली. म्हणजे काय करून राहिलो ते मला पक्कं माहीत होतं.

आणि नंतर त्याच हाताने लिहिलं, तोंडाला दारूचा वास.

आज सुमनला सगळं सांगितलं. लाडू वळत होती. हात थांबले तिचे.

"मंग त्या दिवशी आंगनात तुमी शिव्या कोनाले दिल्या?"


१९ जाने.

साहेबाचा नंबर काढला, जुन्या लोकांच्या ग्रुपवरून. वाटलं, त्यानेच दोन ओळी लिहून दिल्या तर माझं नाव मध्ये यायचं कारण नाही. हेही इथं लिहून ठेवतो.

आधी फार गोड. "अरे डॉक्टर! गाँव में मज़े में?" मग त्याचे गुडघे. कोणतं तेल चांगलं, चालावं की नाही. पाच मिनिटं मी त्याला गुडघ्यांचे व्यायाम सांगत होतो!

प्रल्हादचं नाव काढलं. "कौन प्रल्हाद?"

सोंग नव्हतं. खरंच आठवत नव्हता त्याला. हे सगळ्यात जास्त झोंबलं. एका माणसाचं पाऊल गेलं, नाव बुडालं, आणि ज्याने बुडवलं त्याच्या लक्षातही नाही. हीटर म्हटल्यावर आठवला. हीटर लक्षात आहे.

"देखो, जो रिकॉर्ड में है वो है। और वो स्मेल वाली बात तुमने लिखी थी, मैंने नहीं।"

नंतर हळूच, "तुम्हारी पेन्शन तो ठीक आ रही है ना?"

फोन त्यानेच ठेवला. मी फळीवरच्या बी.पी.च्या मशीनकडे पाहत किती वेळ बसलो कोण जाणे.


२६ जाने.

झेंडावंदन. शाल, नारळ. दर वर्षीचंच. शाळेच्या मॅडम माइकवर म्हणाल्या, "आपल्या गावचे सुपुत्र, ज्यांनी कित्येक जवानांचे प्राण वाचवले." पोरांनी टाळ्या वाजवल्या. चार शब्द बोला म्हणाल्या. उभा राहिलो. जय हिंद म्हणालो. खाली बसलो. सरपंचाने पाठीवर थाप मारली, "डॉक्टर भावनिक झाले!"

चीड आली. सरपंचाची, मॅडमची, शालीची. त्यांची काय चूक?

परवा वडनेरला जातो. सु. म्हणे, परवा कायले, उद्या जा. उद्या हरभऱ्याला पाणी आहे म्हणालो. नव्हतं.


२८ जाने.

खामगाव, नांदुरा, वडनेर. एसटीतून उतरलो तेव्हा अकरा.

प्र.ची पिठाची गिरणी आहे. भुवयांवर पीठ. डोक्यावर केस पांढरे की पीठ, ते कळेना. मला पाहिलं आणि भिंतीला धरून उठायला लागला. "डॉक्टरसाब! बसा बसा. वच्छले, चहा टाक!" गिरणीत दळायला आलेल्या बायांना सांगतो, यानंच मले वाचवलं.

भजनात पखवाज वाजवायचा. कागदातलं कळल्यापासून गेला नाही. "कोनी इचारलं तं काय सांगू?" म्हणे. गळा मोकळा. माळ काढून देवळीत ठेवलेली.

बाया गेल्यावर, चहा यायच्या आत सांगून टाकलं. चहा प्यायलो असतो तर सांगता आलं नसतं. अक्षर माझं. हुकूम साहेबाचा. रम माझ्या हातची. माळ मी काढली.

वच्छला कप घेऊन दारात उभी. तिनेही ऐकलं.

प्र. म्हणाला, "म्हंजे वास होता."

"होता."

"मंग कागद खरा हाये."

"नाई. तू पेला नाईस, मी पाजली. तू गेला नाईस, तुले धाडलं. कागद खोटा हाये."

"येकोनीस वर्सं लोकाईले छाती ठोकून सांगत आलो, जल्मात थेंब शिवला नाई म्हनून. थे बी खोटंच निंगालं मंग."

याचा मी विचारच केला नव्हता. वाटलं होतं साहेबावर चिडेल, माझ्या अंगावर येईल. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो.

शिव्या दिल्या नाहीत कुणीच. वच्छलाने कप खाली ठेवला. "डॉक्टरसाब, लिवतानी आजून येक ओळ लिवाले तुमाले किती टाइम लागला असता? 'म्या पाजली.' दोनच शब्द हाये."

प्र. म्हणाला, "जा तुमी."

उठलो. दारापर्यंत गेलो तर वच्छलाच आडवी आली. "जाता कुठी? त्याईच्या पायाची जखम पाहा आंधी. दोन महिन्यापासून भरत नाई."

पाहिलं. पाऊल कापलं त्याच्या वरच्या बाजूला, रुपयाएवढी जखम. कडा काळ्या. धुतलं, साफ केलं, ड्रेसिंग केलं. प्र. पूर्ण वेळ गिरणीच्या पट्ट्याकडे पाहत होता. एकदाही हूं की चूं केलं नाही. दुखलं असणारच.

चहा राहिलाच.


५ फेब्रु.

वच्छलाचा फोन. "थे काई बोलत नाई तुमच्याबद्दल. पन वकिलाकडे चालतो म्हनते. तुमी येसान?"

हाव म्हणालो.


९ फेब्रु.

बुलढाणा. वकीलबाई तरुण, पण पक्की. माझं प्रतिज्ञापत्र करायचं. सगळं ऐकून पेन खाली ठेवला.

"काका, हे दिलं तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. मनाई असताना दारू का पाजली?"

"लिहा. घाबरलो म्हणून."

"खोटी नोंद का केली?"

"साहेबाने सांगितलं म्हणून."

"आणि एकोणीस वर्षं गप्प का बसलात?"

इथं अडलो. तिने स्वतःच लिहिलं, वरिष्ठांच्या भीतीमुळे. ऐकायला बरं वाटलं. सही करायला पेन हातात घेतला. बाजूच्या खुर्चीत प्र. बसलेला, कुबडी मांडीवर आडवी.

पेन ठेवला. "बाई, भीती नव्हती. बढती होती. आणि नंतर लाज. तसं लिहा."

"याने तुमचीच बाजू कमजोर होते."

"माझी बाजू कुठं मांडायची आहे?"

पुन्हा टाइप केलं. सही केली.

बाहेर पायऱ्या उतरताना प्र. पहिल्यांदा बोलला माझ्याशी. "हीटर भल्ला जड होता हो डॉक्टरसाब. मले वाटलं फेकून द्यावा. मंग वाटलं साहेब रागावन." आणि हसला. मला हसू आलं नाही. साहेब रागावेल म्हणून ओझं टाकलं नाही याने, आणि मी साहेब खूश राहावा म्हणून...


१८ फेब्रु.

वडनेर. ड्रेसिंग. जखम तशीच. भजनाचं विचारलं. पाहू म्हणे.

जावई बाहेर भेटला. थोडा कडक बोलला. बरोबर बोलला.


६ मार्च

माझं प्रतिज्ञापत्र फौजेकडे पाठवलं होतं, त्याला उत्तर आलं. वकीलबाईने फोनवर वाचून दाखवलं. मी तिला तीनदा वाचायला लावलं.

मूळ रजिस्टर ठेवण्याची मुदत संपली, म्हणून नष्ट केलं. मूळ कागदच नाही, त्यामुळे त्यात दुरुस्ती करता येत नाही. आणि दुरुस्ती नाही, त्यामुळे उपलब्ध नोंद ग्राह्य.

वा! माझी ओळ जाळली, पण ओळीचं पाप जिवंत. लिहिणारा माणूस समोर उभा राहून सांगतो की हे मी खोटं लिहिलं, तर त्याला विचारतात, कागद कुठे आहे. माणसापेक्षा झेरॉक्स मोठी. प्र. चारदा अर्ज करत होता तेव्हा ते रजिस्टर कुठल्या तरी कपाटात होतं. तेव्हा कुणी उघडलं नाही. जाळायला मात्र बरोबर मुदतीवर उघडलं.

बावीस वर्षं हेच केलं मी. तारीख, वेळ, नाव, नंबर, दुखापत, उपचार. आम्हाला सांगायचे, नोंद म्हणजे जवानाचा हक्क. पाठ आहे अजून.

सु.वर उगाच ओरडलो. भाजीत मीठ कमी म्हणून. तिने मिठाचा डबा समोर आणून आदळला.


८ मार्च

प्र.ला सांगायला स्वतः गेलो. ऐकून घेतलं. गिरणी चालू होती, म्हणून ओरडून सांगावं लागलं, आणि असली गोष्ट ओरडून सांगायला फार वाईट वाटतं. त्याने गिरणी बंद केली. "पुन्हा सांगा," म्हणे. पुन्हा सांगितलं.

"म्हंजे आता कोनीच खोटं नाई. तुमी बी नाई, साहेब बी नाई. मीच."

वच्छला म्हणाली, "पुढचा अर्ज करा. चार झाले तं पाच." पीठ चाळून राहिली होती. चाळणी थांबली नाही.


२० मार्च

वकीलबाईने दुसरी वाट काढली. रजिस्टर सोडा म्हणे. पायाची हालत बिघडली आहे, त्यावर नव्याने मेडिकल बोर्ड मागू. बोर्ड बसलं की दुखापत कशी झाली हे नव्याने लिहावंच लागतं. सोबत माझं प्रतिज्ञापत्र जोडू.

मागणी लगेच पाठवली होती. आज पत्र आलं, बोर्ड मंजूर! तारीख ७ एप्रिल. प्रतिज्ञापत्राचं काय करणार त्याबद्दल पत्रात अक्षर नाही.

खामगावच्या सर्जनने सांगितलं, गुडघ्याखालून कापावं लागेल, फार दिवस थांबू नका. प्र. म्हणे बोर्डानंतर. त्याच्याशी भांडलो. पाय आधी की कागद आधी? "तुमीच सांगा डॉक्टरसाब," म्हणे. काय सांगू? कापल्यावर बोर्डापुढे गेला तर कशामुळे कापला ते पुन्हा कुणीतरी दुसराच लिहिणार.


७ एप्रिल

मलकापूरहून रेल्वेने पोचलो. बोर्डाच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर बसून लिहितो. वच्छला शेजारी. डबा आणला आहे, उघडला नाही.

प्र. आत आहे. मलाही जायचं होतं. दारावरच्या शिपायाने विचारलं, नातेवाईक? नाही म्हणालो. मग बाहेर. प्रतिज्ञापत्र मीच दिलं आहे, साक्षीदार आहे मी. साक्षीदाराचं इथं काम नाही म्हणे. बायकोलाही नाही सोडलं. एक माणूस, एक पाय, आणि टेबलापलीकडे तिघं.

दार अर्धं उघडं. डॉक्टरचा आवाज येतो. तरुण आहे. भराभर विचारतो. नाव, नंबर, कोणत्या साली, कोणता पाय. प्र. फौजेतल्यासारखा खडा आवाज काढून उत्तरं देतो.

"शराब पीते हो?"

वच्छलाने माझ्याकडे पाहिलं नाही.

"साहब, एक बार। पी नहीं, पिलाई। गिरने के बाद। बर्फ में से निकालने के बाद।"

"पीते हो कि नहीं? यहाँ हाँ या ना लिखना है।"

"हाँ-ना में नहीं आता साहब। पूरा लिखो।"

"इतनी जगह नहीं है फॉर्म में।"

"तो पीछे लिखो। पीछे कोरा है कागज।"

कुणीतरी खुर्ची सरकवली. दुसरा एक आवाज, वयस्कर, काय म्हणाला ते कळलं नाही. मग प्र., पुन्हा तेच, जरा मोठ्याने. "लिखो साहब। फिर मेरे को पढ़ के सुनाओ। तब मैं दस्तखत करूँगा।"

शिपायाने उठून दार लावलं.

वीस मिनिटं झाली. अजून कुणी बाहेर आलं नाही.